हातांवरचा ढग

मुलाच्या कपाळाला पांढऱ्या कापडाची कड टेकली तेव्हा छायाचित्रकाराने कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता नेहमीच्या स्वरात "वर" असे म्हटले. कड वर गेली नाही. ती मुलाच्या भुवयांवरून घसरत नाकाच्या शेंड्याशी आली, मुलीला हसू आवरेना, आणि "अगं, वर" हे त्याचे शब्द पुरते उच्चारून व्हायच्या आत कापड बाजूला होऊन भर दुपारचे ऊन त्या दोघांच्या चेहऱ्यांवर कोसळले. दोघांनी एकदमच डोळे मिटले. काचेतून पाहणाऱ्या माणसाला जग नेहमीच थोडे उशिरा कळते. त्याने आधी कॅमेऱ्यावरचे उजेडाचे आकडे बदलले, मग पुन्हा एकदा, आता किंचित चिडून, "वर" म्हटले, आणि मगच डोळा काढला. वीसेक वर्षे ज्या बाईने हे कापड त्याच्यासाठी डोक्यावर धरले होते ती त्याची बायको, ते पाण्याच्या टाकीच्या कठड्याला टेकवून पंपघराच्या सावलीकडे चालली होती. डाव्या हाताने तिने उजवे कोपर खालून पेलून धरले होते, शेजारणीचे झोपलेले मूल घ्यावे तसे, जपून आणि थोडे परकेपणाने.

"काकूंना चक्कर आली का हो?" मुलीने विचारले.

"नाही. पाणी प्यायला गेली असेल," तो म्हणाला. पाण्याची बाटली त्याच्याच पायाशी उभी होती आणि ती तिघांनाही दिसत होती.

ऐन दुपारचे काम तो शक्यतो घेत नसे. मध्यान्हीचे ऊन प्रामाणिक असते असे म्हणणाऱ्या तरुण छायाचित्रकारांशी त्याने अनेकदा वाद घातला होता. डोक्यावरून सरळ पडणारा उजेड डोळ्यांच्या खोबणीत काळोख भरतो, नाकाखाली मिशीसारखी सावली काढतो, पंचविशीतल्या मुलीला एका क्षणात तिच्या आईच्या वयाची करतो. यात प्रामाणिकपणा कुठला? जो माणसाचे उणे तेवढेच दाखवतो त्याला आपण सत्यवचनी म्हणत नाही, कुजका म्हणतो. परंतु लग्न ठरलेल्या जोडप्यांना हा युक्तिवाद ऐकायला सवड नसते. ही मुलगी शहराला पाणी पुरवणाऱ्या याच केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करी, मुलगा एका रुग्णालयात क्ष-किरण यंत्रावर होता, आणि दोघांच्या पाळ्या अशा विचित्र रीतीने एकमेकींना चुकवत की जेवणाच्या सुट्टीखेरीज त्यांना सूर्याखाली एकत्र उभे राहणे शक्य नव्हते. "मी पण फोटोच काढतो, फक्त आतले," मुलाने आल्याआल्या सांगितले होते. "पण आमच्याकडे कोणी हसत नाही. आम्ही तर श्वाससुद्धा घेऊ देत नाही." त्यावर मुलगी म्हणाली होती, "म्हणूनच याला मी हसून दाखवायला शिकवतेय. अजून जमत नाही." मोठाल्या गोल टाक्या, त्यांच्यात निवळत पडलेले पाणी, चुन्याने रंगवलेले कठडे, खालून, वरून, समोरून, सगळीकडून उजेड अंगावर येत होता. अशा जागी ते कापड नसेल तर काम करणे म्हणजे वाळूचे दोर वळणे. धातूच्या गोल कड्यावर ताणलेल्या त्या पातळ कापडाला धंद्यात निराळे नाव आहे, पण ते दोघे त्याला ढग म्हणत. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिने घरातली जुनी चादर दोन काठ्यांना बांधून एका जोडप्यावर धरली होती आणि "घ्या, तुमच्यासाठी ढग आणला" असे म्हटले होते. चादर गेली, कडे आले, नाव राहिले.

तो पंपघरापाशी गेला तेव्हा ती पायरीवर बसून समोरच्या पाण्याकडे पाहत होती. आतल्या यंत्रांची घरघर भिंतीतून, पायरीतून तिच्या पाठीत शिरत असावी. तिचे डूल किंचित थरथरत होते.

"काय झालं?"

"हात वर जात नाही."

"आत्ता?"

"आत्ता नाही, बरेच महिने झाले."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही 'वर' म्हणालात की जायचा. आज नाही गेला." बिघडलेल्या नळाबद्दल बोलावे तसे ती बोलत होती.

"बरं, जरा टेक. मग आपण—"

"मग नाही हो. उद्याही नाही." तिने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिले. "ते चष्म्याचं दुकान आहे ना, घराखालचं? त्यांना माणूस हवंय. मी हो म्हटलंय. सोमवारपासून."

"चष्म्याच्या दुकानात? तू?"

"बसून काम आहे. हात छातीपर्यंत उचलला तरी पुरतो. जा तुम्ही, पोरांची सुट्टी संपेल."

तो परतला. चाळीस-पन्नास पावलांचे ते अंतर. पण पांढऱ्या फरशीवर स्वतःची सावली पायांखाली चेपत चालताना त्याला वाटले, आपण कुठून तरी निघालो आहोत खरे, कुठे पोचतो आहोत हे मात्र निश्चित नाही. सोमवारी काय होईल, याचे चित्र त्याने मनाशी उभे करून पाहिले. सकाळी तो पिशव्या भरील, ती जिना उतरून खाली जाईल. संध्याकाळी तो येईल, ती जिना चढून येईल. मग ते काय बोलतील? वीस वर्षे ते उजेडाबद्दल बोलत आले होते. उद्याची जागा कुठली, तिथे सूर्य कुठून येतो, भिंत कसल्या रंगाची आहे, नवरीकडची मंडळी मध्ये मध्ये करतील का, नवरा मुलगा ताठ आहे की ढिला. मूल झाले नाही, त्याबद्दलही ते कधीतरी बोलले होते आणि मग तो विषय त्यांनी सामोपचाराने मिटवून कपाटाच्या मागे सारला होता. ढग धरणारे दुसरे कोणीही मिळेल. लोखंडी खांबही धरील. प्रश्न ढगाचा नव्हता. ढगाखालच्या त्या बोलण्याखेरीज आपल्या संसारात दुसरे काही बोलणे शिल्लक आहे की नाही, याचा होता, आणि त्याचे उत्तर आजवर कोणी मागितले नव्हते म्हणूनच ते संसार करू शकले होते.

"येतायत ना काकू?" मुलीने विचारले.

"नाही. आपण असंच करू."

"पण ती रेघ येईल ना?"

"कसली रेघ?"

"अहो, तुमच्या फोटोत असते ती. केसांवर, खांद्यावर, मागून उन्हाची अशी बारीक कड. माझ्या मैत्रिणीच्या फोटोत बघितली म्हणून तर तुमच्याकडे आलो. याला म्हटलं, बाकी फोटोवाल्यांकडे नुसती सावली असते, यांच्याकडे सावलीत ऊन असतं."

"आली, कविता आली," मुलगा म्हणाला. "दिवसभर पाण्यातलं क्लोरीन मोजते आणि बोलते बघा कशी."

ती रेघ कशी येते हे समजावून सांगणे छायाचित्रकाराच्या अतिशय आवडीचे होते. त्याने तोंड उघडलेही. "त्याचं असं आहे, कापड आडवं सपाट धरायचं नाही. पुढची, कॅमेऱ्याकडची, कड खाली उतरवायची, मागची उचललेली राहू द्यायची, म्हणजे मागून ऊन…" इथे तो थांबला. त्याची जीभ पुढे जाऊ शकली असती, वाक्य पाठच होते. पण त्याच्या डोळ्यांपुढे ते कडे, ते दोन हात आणि त्यांतला कॅमेऱ्याकडचा हात उभा राहिला होता. ती नेहमी त्याच्या डाव्या बाजूला, जोडप्याकडे तोंड करून उभी राही. कॅमेऱ्याकडचा हात उजवा. पुढची कड उजव्या हातात. पुढची कड खाली उतरत होती, कारण उजवा हात खाली उतरत होता.

मागच्या हिवाळ्याच्या आसपास ती रेघ त्याच्या छायाचित्रांत पहिल्यांदा आली. त्याला ती नीट आठवते: एका मुलीच्या मोकळ्या केसांवर अचानक सोन्याची तार ओढल्यासारखी. पडद्यावर ते चित्र मोठे करून पाहताना त्याला झालेला आनंद हा पन्नाशीतल्या माणसाला सहसा लाभत नाही असा, नवशिक्याचा आनंद होता. आपल्यात अजून काही उगवते आहे! त्यानंतर ती रेघ येतच राहिली, महिन्यागणिक रुंद होत गेली. कड खाली आल्यामुळे ती चित्रात घुसू नये म्हणून त्याने चौकट आवळली, गुडघे टेकून खालून पाहू लागला, आणि या नव्या जवळिकीला त्याने प्रौढत्व असे नाव दिले. लोकांनी वाखाणले. व्यवसायबंधूंच्या मेळाव्यात त्याला या शैलीविषयी बोलायला बोलावले, तेव्हा तो तासभर बोलला: निखळ सावली हा खोटेपणा आहे, संरक्षण इतके असू नये की ज्यापासून संरक्षण करायचे त्याची खूणही उरणार नाही, दोन माणसे सुखात असली तरी त्यांच्या पाठीवर उन्हाची एक कड असतेच, ती दाखवणे हे कलावंताचे कर्तव्य. टाळ्या पडल्या. ती दुसऱ्या रांगेत बसली होती. ती टाळ्या वाजवत होती का? त्याने आठवणीला खूप ताण दिला, पण त्याला तिचा चेहराच आठवला, हात आठवले नाहीत. आणि मग एकाएकी त्याला आठवले की मध्यंतरी एक दिवस तिने ढग अगदी सरळ, सपाट धरला होता, पूर्वीसारखा. काही औषध घेतले असेल, किंवा त्या दिवशी दुखणे कमी असेल. तेव्हा तो तिच्यावर खेकसला होता. "तिरपा! तिरपा धर गं! इतक्या दिवसांनी एक गोष्ट साधली आहे, ती तरी राहू दे." ती हसली होती. आता त्याला ते हसू समजून घ्यायचे होते. पण हसणाऱ्याला विचारल्याशिवाय ते समजणार नव्हते, आणि विचारायचे तर कोणत्या तोंडाने?

"म्हणजे येईल ना?" मुलगी त्याच्या उघड्या तोंडाकडे पाहत होती.

"नाही," तो म्हणाला. मग धंद्याची सवय सुटत नाही म्हणून पुढे बोलला, "आज ऊन फार डोक्यावर आहे."

मुलीचा चेहरा पडला. तो त्या दोघांना सूर्याकडे तोंड करून उभे करू लागला. डोळे मिटा, मी सांगितले की उघडा, लगेच हसा, पुन्हा मिटा. भगभगीत उजेडात डोळे उघडे ठेवता येत नसल्यावर करायची ही जुनी युक्ती. त्यातून जे मिळते ते हसू नव्हेच, तो उजेडाचा चटका असतो. पण छायाचित्रात दोहोंतला फरक कोणाला कळतो? कळत असता तर आपल्याला आधीच कळला असता. तो बटण दाबत होता आणि त्याचे मन मात्र घरात हिंडत होते, एखादी वस्तू हरवली की माणूस तीन-तीनदा त्याच खोल्या पालथ्या घालतो तसे. चहाचा डबा वरच्या फळीवरून ओट्यावर आला तेव्हा "तुझ्या घरात वस्तूंना पाय फुटतात" असे तो म्हणाला होता. त्यामागून पिठाचा डबा उतरला, मग साखरेचा, मग वरची फळी रिकामीच झाली आणि तिथे त्याने खूश होऊन आपल्या कॅमेऱ्याच्या जुन्या काचा मांडल्या. कपडे वाळत घालायची दोरी इतकी खाली आली की गॅलरीत जाताना ती त्याच्या गळ्याला लागे, "फाशी द्यायची आहे का मला?" या विनोदावर दोघेही हसले होते. तिने केस कापून घेतले तेव्हा मान उजेडात चांगली दिसते, असे त्याने मोठ्या रसिकपणाने सांगितले. सगळे घर त्याच्या देखत हात-दोन हात खाली उतरत गेले, आणि ज्याचा व्यवसाय पाहण्याचा, तो त्या उतरत्या घरात मान ताठ ठेवून वावरत राहिला. त्याला अजिबात दिसले नाही, असेही म्हणता येईना. चौकट कोणी आवळली? गुडघे कोणी टेकले? त्याच्या हातांनी, त्याच्या गुडघ्यांनी तिच्या दुखण्याशी केव्हाच जमवून घेतले होते. फक्त ते त्याला कळवायचे राहून गेले होते. ही सबब त्याने मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी तपासली. ती टिकत नव्हती.

मध्येच मुलीने आपला तळहात मुलाच्या डोळ्यांवर झापडीसारखा धरला. "बघ, माझाच ढग," ती म्हणाली. मुलाने डोळे उघडले, त्या एवढ्याशा सावलीतून तिच्याकडे पाहिले, आणि काही क्षण खरोखरच क्ष-किरणांसमोर उभ्या राहणाऱ्या माणसासारखा श्वास धरून राहिला. छायाचित्रकाराने कॅमेरा उचलला. पण तेवढ्यात "बाई गं, एवढ्यात हात भरून आला" म्हणत तिने तो खाली केला, झटकला, आणि दोघे खिदळत सुटले. त्याने बटण दाबले नव्हते.

"झालं?" मुलगा म्हणाला.

"झालं."

"काकू हात धरून गेल्या, त्यांना सांगा, काळजी घ्या म्हणावं. आणि आमच्याकडे या दाखवायला, मी स्वतः आतला फोटो काढीन. हसायची गरज नाही."

ते प्रयोगशाळेकडे गेले. तो ढग घेऊन पंपघराशी आला. त्याची घडी करायची एक पद्धत असते, कडे पिळून आठाच्या आकड्यात आणायचे आणि वेटोळे करायचे. ते काम बायकोच करी. त्याला ते जमेना. कडे दोनदा त्याच्या हातातून उसळले. तिने पाहिले, उठली मात्र नाही. शेवटी तो ते तसेच भिंतीशी ठेवून तिच्या शेजारी बसला आणि, जे त्याला सगळ्यात चांगले येत असे, ते त्याने सुरू केले.

"खांब आणू आपण. तिवईवर बसवायचा. तू नुसती सोबत चल."

"कशाला?"

"सांगायला. कुठे उभं करायचं ते."

"ते तुम्हीच सांगता."

"बरं, माणूस ठेवू. तू त्याला शिकव."

"काय शिकवू? दुखलं तरी बोलू नको, हे?"

"मी काय मुद्दाम केलं?"

"असं कुठे म्हणतेय मी?" ती शांतपणे म्हणाली. "मुद्दाम केलं असतं तर भांडले असते की. भांडायला बरं पडलं असतं."

पंप घरघरत होते. संध्याकाळी दुसरे काम होते, एका मुलीच्या वडिलांनी ठरवलेले, नदीकाठचे. तिथे कोवळे ऊन असणार होते. ढग लागणारच नव्हता. तो एकटा जाऊ शकत होता, आणि विचार करू जाता न जाण्याचे एकही कारण नव्हते. त्याने फोन काढला. "आज जमणार नाही," त्याने सांगितले. पलीकडचा आवाज इतका मोठा होता की तिलाही ऐकू गेला.

"जमणार नाही म्हणजे? मुलगी तयार होऊन बसलीय! झालं काय?"

"माझ्या बायकोचा खांदा दुखतो."

"अहो, मग? फोटो तर तुम्ही काढता ना?"

तिने मान वळवली. ती उत्तराची वाट पाहत होती की नुसतीच पाहत होती, हे त्याला ओळखता आले नाही.

"नाही," तो म्हणाला. "आम्ही दोघं काढत होतो."

पलीकडून आणखी काही ऐकू आले, मग फोन बंद झाला.

"गेलं गिऱ्हाईक," ती म्हणाली. "आता गावभर सांगत सुटेल. संध्याकाळी तुम्हाला मी लागत नव्हते."

"लागत नव्हतीस."

"मग?"

"मग काही नाही," तो म्हणाला, आणि आपल्या आयुष्यात आपण हे वाक्य पहिल्यांदाच वाद न घालता उच्चारले, असे त्याला वाटून गेले. मग डाव्या हाताचा रेटा देऊन ती उठली आणि पंपघराच्या भिंतीकडे तोंड करून, अगदी जवळ, उभी राहिली. उजव्या हाताची दोन बोटे तिने भिंतीवर कमरेच्या उंचीला टेकवली.

"हे काय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. रोज करते. तुम्ही आंघोळीला गेलात की."

बोटे चालू लागली. एक पुढे, दुसरे त्याच्या पुढे, लहान मुलाच्या पोटावरून गुदगुल्या करत चढावीत तशी. पण त्यांत खेळ नव्हता. छातीपाशी ती मंदावली. खांद्यापाशी तिने डोळे मिटले, दात ओठात रुतले, आणि बोटे भिंतीवर थांबली, तरी लगेच खाली आली नाहीत; अर्ध्या इंचासाठी ती तिथे धडपडत राहिली. तो पाहत होता. कॅमेरा पायरीवर होता आणि त्याचे हात रिकामे होते. हात खाली आला तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

"कालच्यापेक्षा वर गेला?" त्याने विचारले.

"मला काय ठाऊक? डोळे मिटलेले असतात. तिथे बघायला कोण असतं?"

तो उठला. जिथे तिची बोटे थांबली होती ती जागा त्याने पाहून ठेवली होती; तिथे त्याने आपले बोट ठेवले. भिंत तापलेली होती, आतल्या यंत्रांनी थरथरत होती, आणि सावली आता इतकी आखडली होती की त्याची अर्धी पाठ उन्हात आली.

"हलू नका," ती म्हणाली, आणि तिची बोटे पुन्हा खालून निघाली.